भंडारा उचलला त्या दुपारी

दाक्षायणीच्या हॉलमध्ये त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि माणसं बघावीत तर अवघी चार. जागा खाल्ली होती गाठोड्यांनी. धुळाप्पा तात्यांचं घोंगडं दिवाणावर, आईच्या दोन पिशव्या टीव्हीखाली, ऋतुजाची बॅग दाराआड, आणि सोफ्याच्या पाठीवर वाळत घातलेला जोतिरामचा टॉवेल. जोतिराम स्वतः दवाखान्यात नाकात नळ्या घालून पडला होता. घरात त्याच्या वाटणीची जागा तो टॉवेल धरून होता.

दाक्षायणी चहा गाळत होती. धाकटा भाऊ दवाखान्यात पडल्यापासून जुळे सोलापुरातल्या तिच्या या दोन खोल्यांची धर्मशाळा झाली होती. सकाळी शाळेच्या ऑफिसात मुलांचे दाखले, दुपारी डबा, संध्याकाळी दवाखाना, आणि मधल्या प्रत्येक फटीत सांगोल्याकडचे फोन. फोनवर प्रत्येकाला तीच कथा पहिल्यापासून लावायची. न्हाय, टीबी न्हाय. न्हाय, मूतखडा पण न्हाय. किडनी आणि फुप्फुसं, दोन्हीवर एकदम आलंय, लई कमी माणसांना होतो असा आजार हाय. कमी माणसांना होतो म्हटलं की पलीकडचा पाहुणा थोडा दबून बोलायला लागायचा, जसा काही घराण्याला कुठला मानच मिळाला होता.

"दाक्षे, चा ऱ्हाऊ दे. हितं यून बस," तात्यांनी हाक मारली.

तात्या म्हणजे वडलांचे धाकटे भाऊ. वडील गेले तेव्हापासून मेंढरं त्यांच्या शब्दावर उठत आणि माणसं त्यांच्या शब्दावर बसत. त्यांनी टीपॉयवरचा रिमोट बाजूला सारला, खिशातली पुडी सोडली आणि पितळी ताटलीत बिरोबाचा भंडारा ओतला. हॉलमध्ये हळदीचा वास सुटला.

"डॉक्टरीण सांगती दोन्ही किडन्या गेल्या. राखणीचं कुत्रंच मेंढरावर उलटावं तसं जोत्याचं रगात त्याच्याच अंगावर उलटलंय. बरं, मानसाचं एकीवर भागतंय म्हनं. मग द्यायची कुनी, ते आज ठरू द्या. तोंडाच्या वाफा नगं. भंडारा उचलायचा."

भंडारा उचलून दिलेला शब्द या घरात कुणी मागे घेतला नव्हता. बांधाचं भांडण असंच मिटलं होतं, आणि दाक्षायणीचं लग्नही असंच ठरलं होतं, तिला न विचारता.

तात्यांनी पहिली चिमूट घेतली, कपाळाला लावली. "मी देतो."

तात्यांची पासष्टी उलटलेली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि बिडीनं छातीत रात्रंदिवस पाखरू घुमायचं. यांची किडनी कुठलाही डॉक्टर घेणार नाही हे दाक्षायणीला दिसत होतं. तात्यांनाही दिसत असावं का, एवढाच प्रश्न होता.

मग आई. बनाबाईनं चिमूट नाही, मूठच भरली. "सबंद पोरगा पोटात वाडीवला, त्याम्होरं किडनीचं काय घिऊन बसलाय."

मग जोतिरामची बायको, ऋतुजा. लग्नाला अजून दोन वर्षं झाली नव्हती तिच्या. तिनं सासूकडं पाहिलं, ताटलीकडं पाहिलं आणि हात पुढं केला. "मी पण देते."

"तू नगं," बनाबाई म्हणाली. "तुला अजून ल्योक व्हायचाय."

"आत्या, तो कुणाकडनं व्हायचा मग?"

तात्यांना अचानक खोकला आला. बनाबाईनं पदर सारखा केला. ऋतुजानं शांतपणे चिमूट उचलली, आणि ताटली सरकत सरकत दाक्षायणीसमोर आली.

दाक्षायणीचे हात चहाच्या भांड्यांनी ओले होते. तिनं ते पदराला पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिली. तिला जोत्या दिसला, तिच्या कमरेवर बसून तिचीच वेणी चघळणारा. तिला स्वतःचं घर दिसलं, आपल्या गोळ्यांचा डबा दिसला, टॉवेलच्या कारखान्यातून कान बधिर होऊन येणारा नवरा दिसला. आणि या सगळ्याच्या मागं नुसता एक थकवा दिसला, शेवटच नसलेल्या रस्त्यासारखा.

"मी विचार करते," ती म्हणाली.

"इचार?" बनाबाईला शब्दच नवा वाटला. "कडंवर घिऊन हिंडलीस की गं त्याला."

"हिंडले म्हणूनच. उगीच हो म्हणून बसायचं नाही मला."

"शेरात ऱ्हायलं की मानूस इचार कराया लागतंय," तात्या ताटलीवर फडकं टाकत म्हणाले. "चला. चार वाजता डॉक्टरीण भेटनार हाय."

रिक्षात तिघं मागं बसले. तिघांचीही बोटं पिवळी. दाक्षायणी ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर टेकली, आणि दवाखाना येईपर्यंत तिच्याशी बोलला तो फक्त रिक्षावाला, तेही सुट्टे आहेत का म्हणून.

डॉक्टर उर्वी मॅडम वयानं ऋतुजाहून फार मोठ्या नसतील, पण डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली तर बनाबाईच्या बरोबरीच्या. तात्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं: भंडारा, तीन किडन्या, जी बसंल ती घ्या. मॅडमनी मधे तोंड घातलं नाही. पार शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "आज्जोबा, बसा. आत्ता कोणाचीच नको."

"कुनाचीच?"

"त्याच्या रक्तात तो बिघाड अजून फिरतोय. आपण मशीनवर रक्तातलं खराब पाणी काढून चांगलं घालतोय, गोळ्या-इंजेक्शनं चालू आहेत, ते त्याच्यासाठीच. आज नवी किडनी बसवली तर त्याचं रक्त तिलाही तसंच खाईल. आधी रक्त स्वच्छ व्हायला हवं. मग ते सहा महिने तरी स्वच्छ राहायला हवं. त्यानंतर कोणाची घ्यायची ते तपासू. म्हणजे धरून चाला, वर्ष."

"आन तवर?"

"तोवर आठवड्यातून तीनदा डायलिसिस."

बनाबाईनं हाताची मूठ उघडली आणि मिटली. किडनी काढून हातावर ठेवायची तयारी करून आलेलं माणूस, त्याला पुढच्या वर्षी या म्हटलं तर ते जाणार कुठं.

"ते आपोआप सुदारायचं न्हाय?" ऋतुजानं विचारलं.

मॅडम तिच्याकडं वळल्या. "फुप्फुसं सुधारतील. खोकल्यातून रक्त पडायचं थांबलंय, हे फार चांगलं झालं. या आजारात त्यानंच माणूस पटकन जातो, तो त्यातून वाचलाय. किडनीचं मात्र खोटं सांगणार नाही. सुईनं तुकडा काढून तपासला, त्यात रक्त गाळणाऱ्या धड चाळण्या जवळजवळ नाहीतच. आणि तो आला तोच लघवी बंद होऊन. पहिल्या दिवशीच डायलिसिसवर घ्यावं लागलं. असा आलेला पेशंट डायलिसिसमधून सुटणं फार क्वचित."

"आदी आणलं असतं तर?"

दाक्षायणीला वाटलं, हा प्रश्न या पोरीनं विचारायला नको होता. मग वाटलं, हिनं नाही तर कुणी विचारायचा.

"लघवी नुसती लाल होती तेव्हा आला असता तर किडनी वाचायची आशा बरीच होती," मॅडम म्हणाल्या. "खात्री नव्हे. आणि हा आजार डॉक्टरांनाही चकवतो, त्यामुळं एकमेकांना खात बसू नका."

पण खायला सुरुवात झालीच होती, मनातल्या मनात. जोतिरामला लाल लघवी झाली ती मेंढरं कातरायच्या दिवसांत. कातरणीला गावोगावचे पाहुणे कातऱ्या घेऊन येतात. आज सगळे मिळून तुमची मेंढरं कातरणार, उद्या तुम्ही त्यांच्या मेंढरांच्या वाड्यावर जाणार. अशा वेळी घरचा तरणा माणूस लघवीचं गाऱ्हाणं घेऊन दवाखान्यात गेला तर पाहुणे काय म्हणतील? शिवाय वडलांना मूतखडा होता आणि तो हुलग्याच्या पाण्यानंच पडला होता. बनाबाईनं हुलगे शिजत टाकले. आपली मेंढरं झाली, मग पाहुण्यांची झाली. जोतिराम वाकून कातरत राहिला, हुलग्याचं पाणी पीत राहिला, लाल लघवी आधी कमी झाली आणि मग यायचीच थांबली. तेव्हा त्याला वाटलं, खडा अडकलाय. टॉवेलवर खोकल्याचं रक्त दिसलं तेव्हा ऋतुजानं कुणालाही न विचारता दुधाच्या टेंपोत त्याला घातलं आणि सोलापूर गाठलं.

"आणखी एक," मॅडमनी केसपेपर पुढं ओढला. "कालपासून वजन दोन किलोनं वाढलंय. लघवी होत नाही, मग पाणी जाणार कुठं? फुप्फुसांत. सकाळी दम लागला तो त्यानंच. मोजून पाणी द्या म्हणून सांगितलं होतं. जास्तीचं कोण देतंय?"

बनाबाईच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीतून स्टीलच्या थर्मासचं टोपण बाहेर डोकावत होतं.

"आत्या," ऋतुजा हळूच म्हणाली.

"पानी कुटं हाय त्ये," बनाबाई पिशवी कवटाळत म्हणाली. "हुलग्याचं हाय."

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"वैनी, तुला मी सांगत हुतो," तात्या एकदम दवाखान्याच्या बाजूचे झाले. "मोट्या दवाखान्यात घरचं काय आणू नगं म्हनून."

"व्हय का? आन त्याच्या उशीखाली बिडीचं बंडल कुनी ठिवलं?"

मॅडमचे डोळे उघडले. "बिडी?"

"पेटवाया न्हाय दिली," तात्या खाली बघून म्हणाले. "नुसती हातात धराया. तेवडाच जीव रमतोय पोराचा."

"आज्जोबा, तिथं ऑक्सिजन चालू आहे. आणि धूर गेला तर थांबलेलं रक्त परत सुरू होईल. बिडी त्यानं पुन्हा कधीच ओढायची नाही, आणि त्याच्याजवळ बसून तुम्हीही नाही." मॅडमनी हात पुढं केला. "किडनी पुढच्या वर्षी बघू. आज मला थर्मास आणि बंडल द्या."

दोन्ही वस्तू टेबलावर आल्या. रिक्षात तिघांची जी एकजूट बसली होती ती तिथंच टेबलावर सुटी झाली.

"आणि घरी सोडल्यावर त्याला वाड्यावर नेऊ नका," उठता उठता मॅडम म्हणाल्या. "तपासण्या इथं, डायलिसिस इथं. या औषधांनी अंगातली ताकद मरते, साधा ताप पण त्याला महाग पडेल. सोलापुरातच कुठंतरी स्वच्छ जागा बघा. पाणी मोजून, जेवण मोजून, आणि लक्ष ठेवायला माणूस."

बाहेर लोखंडी बाकड्यावर चौघं ओळीनं बसले. समोर हात धुवायचं बेसिन होतं, त्याचा नळ गळत होता.

"करकंबला उसाच्या फडात खताला मेंढरं बसवायचा शबुद दिलाय," तात्या नळाकडं बघत म्हणाले. "जोत्या न्हाय, मग मलाच जावं लागनार. न्हायतर मेंढरं काय खातील."

हे खरं होतं.

"मी ऱ्हायली असती," बनाबाई म्हणाली. "पर तात्यांच्या मागं भाकरी कुनी थापायच्या? कोकरांचं कुनी बगायचं?"

हेही खरं होतं. या माणसांचं सगळंच नेहमी खरं असतं, म्हणून तर दाक्षायणीला भांडता येत नसे. तिनं तिघांच्या हातांकडं पाहिलं. भंडारा अजून नखांत होता. राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात थोडं बळ लागतं, आणि तिचं बळ सकाळी डबा भरतानाच सांडून गेलं होतं.

"मी त्यांच्याजवळ ऱ्हाते," ऋतुजा म्हणाली. "फक्त कुटं ऱ्हाऊ तेवडं सांगा, वन्सं."

एवढ्या दिवसांत या पोरीनं मागितलेली ही पहिली गोष्ट होती. दाक्षायणी उठून बेसिनपाशी गेली, नळ घट्ट पिळला आणि नवऱ्याला फोन लावला. ईरप्पांच्या पाठीमागं मागांचा खडखडाट चालू होता. तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं: वर्ष, हॉल, दोघं जण. ईरप्पा अक्कलकोटकडचे. महत्त्वाचं काही असलं की ते मराठीतून कानडीत उतरायचे.

"बरली बिडु," ते म्हणाले. येऊ दे की.

"नीट ऐकलंत का तुम्ही? वर्षभर."

"ऐकलं. मेंढरं नाहीत ना येणार?"

"नाही."

"मग बरली बिडु."

ती एकटीच आत गेली. जोतिराम उशाला टेकून बसला होता. गळ्याजवळ जाड नळी टोचलेली, तोंड सुजून गोल झालेलं. लहानपणी होतं तसं, तिला वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून तिनं नजर खिडकीकडं वळवली.

"बंडल गेलं का?" त्यानं विचारलं.

"गेलं. थर्मास पण गेला."

"हुलग्यापास्नं सुटलो म्हनायचं." बोलताना त्याला मधे थांबावं लागत होतं. "आक्का, रुतुजा मगाशी दारातनं सांगून गेली. वरीसभर असंच. त्येच्यापरीस मला वाड्यावर न्या."

"वाड्यावर मशीन आहे का?"

"न्हाय. ठाव हाय मला."

म्हणजे काय ते दोघांनाही कळलं. दाक्षायणी स्टुलावर बसली. डायलिसिस सोडून वाड्यावर जाणं म्हणजे परत न येणं. आणि हा पोरगा ते इतक्या सहज बोलला होता, जसं कातरणीला चार दिवस पाहुण्यांकडं जातो म्हणावं.

"माझ्याकडं राहायचंय तुला," ती म्हणाली. "मी ह्यांना विचारलंय."

"नगं. आई किडनी देतीया. रुतुजा देतीया. तात्या त्यांची ती देत्यात, कुनाला नगं असली तरी. येवडं समद्यांचं मी फेडू कुटं, आक्का? मेंढरं इकूनबी फिटायचं न्हाय. हितं पडल्या पडल्या त्येच डोस्क्यात फिरतंय. आता तू बी..."

"मी उचलला नाही भंडारा."

तो तिच्याकडं बघत राहिला. "खरं?"

"विचार करते म्हटलं. अजून करतेय. देईन का नाही, मला माहीत नाही. कदाचित नाहीच देणार." तिला वाटलं होतं हे बोलताना जीभ अडखळेल. अडखळली नाही. "तुझ्यासाठी माझ्याकडं आहे ती हॉलमधली जागा. दिवाण ह्यांचा आहे, तो मिळायचा नाही. खिडकीखाली गादी टाकीन. ऋतुजा आत माझ्याजवळ झोपेल. सकाळी मी शाळेत जाणार, तुझ्या उशाशी रडत बसायला मला वेळ नाही. बसून होतील ती कामं तू करायचीस. भाजी निवडायची, लसूण सोलायचा."

"लसून?"

"आणि धुण्याच्या घड्या."

मशीनवरचा आकडा खालीवर होत होता. जोतिरामच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल पडत गेलं, पाठीवरचं ओझं उतरवून ठेवताना माणसाचे खांदे पडतात तसं.

"तू बी हो म्हनली असतीस तर मी वाड्यावर गेलो असतो बग," तो म्हणाला. "कुनाला न सांगता."

"ठाऊक आहे."

"लसून फिटंल. लसून सोलून फिटंल."

तिनं पलंगाच्या दांडीवर कपाळ टेकलं. दांडी गार होती. बाहेर बनाबाई आणि तात्या थर्मासवरून आणि बंडलावरून पुन्हा जुंपलेले ऐकू येत होते.

"आक्का," थोड्या वेळानं वरून आवाज आला. "टीवीचा रिमोट कुनाकडं असतोय?"

"ह्यांच्याकडं," डोकं न उचलता ती म्हणाली. "त्याचं तू तुझं बघ."